कोऱ्या बंदुकीचा एक बार

आक्का काडीपेटी विकत घेताना दुकानातच एक काडी ओढून बघायच्या. पेटली तर पैसे, नाही पेटली तर पेटी परत. छत्री घ्यायची झाली तर दुकानदारालाच ती उघडून डोक्यावर धरायला लावायच्या आणि वरून तांब्याभर पाणी ओतायच्या. वालूरच्या बाजारातले दुकानदार त्यांना लांबून येताना बघूनच कपाळाला हात लावायचे, पण तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पुतणीला बघायला आलेल्या मुलाचा पगार, शेती, घरदार सगळं विचारून झाल्यावर आक्कांनी त्याच्या सायकलच्या कॅरेजवर ज्वारीचं गाठोडं बांधलं आणि त्याला गिरणीतून दळून आणायला पाठवलं. मुलगा बँकेत साहेब होता. इस्त्रीची पँट पिठानं पांढरी करून तो परत आला तेव्हा आक्का म्हणाल्या, "चांगलं हाय पोरगं. चिडलं न्हाई." आणि सोयरीक पक्की झाली.

"वाजवून घ्यावं आन् वाजवून द्यावं," असं त्या म्हणायच्या. यातला पहिला अर्धा भाग सगळेच पाळतात. मीही पाळतो, त्यावरच माझं पोट आहे. दुसरा अर्धा भाग पाळणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि त्यात माझं जे नुकसान झालं ते मी आजही विसरलेलो नाही. तरी हे लिहायला बसलोय ते उपकार सांगायला. तक्रार ओघात येईल. ती आल्याशिवाय राहायची नाही, माझा स्वभाव तसा आहे.

माझे आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. आपण कोयता धरायचा नाही एवढं मी लहानपणीच ठरवलं होतं, पण धरायचं काय हे ठरायला वेळ लागला. शेवटी सोनपेठ सोडून सेलूत खोली घेतली, एक जुनी सायकल घेतली आणि मागे स्टीलच्या भांड्यांचा हारा बांधून गावोगाव फिरायला लागलो. स्टील द्यायचं आणि बदल्यात तांब्या-पितळेची मोड घ्यायची. या धंद्यात जीभ आणि काटा हे दोनच भांडवल. माझी जीभ तेव्हाही तिखट होती. बाईनं एक वाटी जास्त मागितली की मी हारा उचलून चालू पडायचो आणि ती हाक मारीपर्यंत मागं वळून बघायचो नाही.

आक्कांच्या दारात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पितळेचं घंगाळ बाहेर काढलं, पण मी काटा लावायच्या आत घरातून स्वतःचं लोखंडी वजन आणून माझ्या पारड्यात ठेवलं. आधी काटा तोलू, मग घंगाळ, असं म्हणाल्या. मला राग आला. विश्वास नसेल तर राहू द्या, म्हणालो.

"इस्वास हाय म्हणून तर समोर तोलायलेय," त्या म्हणाल्या. "नसता तर दारच लावलं असतं."

काटा बरोबर निघाला. मग घासाघीस सुरू झाली. मी नेहमीप्रमाणे हारा उचलला आणि पार वेशीपर्यंत गेलो. हाक आली नाही. शेवटी मीच परत आलो आणि मागितलेली वाटी वर देऊन घंगाळ घेतलं. असा परत फिरलो तो आयुष्यात तेवढाच. त्या दिवसापासून त्या मला 'भांडेवाला' म्हणायला लागल्या. पुढे परभणीत दुकान झालं, चारचाकी आली, तरी त्यांच्या तोंडी मी भांडेवालाच राहिलो.

पुढच्याच वर्षी वालूरात माझ्यावर बालंट आलं. एका घरची तांब्याची हंडी मी तोलली ती त्यांच्या अंदाजापेक्षा हलकी भरली, आणि घरमालकानं चौकात माझी सायकल धरली. काटा खोटा आहे म्हणे. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याची गचांडी धरली, शिव्या दिल्या, आणि बघता बघता माणसं जमली. माझा हारा कुणीतरी उलटा केला. त्या दिवशी सायकल गेली असती तर मी त्याच हंगामाला ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसलो असतो, यात मला शंका नाही. तेवढ्यात आक्का आल्या, पदरात वजनं घेऊन. खाली बसल्या, माझा काटा हातात धरला आणि एकेक वजन टाकून सगळ्यांसमोर तोलून दाखवलं. पारडी बदलून पुन्हा तोललं. मग उठून म्हणाल्या, "काटा खरा हाय. जीभ खराब हाय ह्याची, ती त्येची त्यो बघून घेईल."

त्यानंतर वालूरची मोड दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. एका गावात खरा ठरलेला काटा शेजारच्या गावात आपोआप खरा ठरतो. पितळेतून जुनी घड्याळं, घड्याळांतून ग्रामोफोन, कोरीव दारं, झुंबरं असं करत मी जुन्या वस्तूंचा व्यापारी झालो. लोक म्हणतात, शून्यातून उभा राहिला. मी मान हलवतो. पण माझ्या शून्याला धरून आक्का बसल्या होत्या, हे मला माहीत आहे.

आता बंदूक. आक्कांना गावात 'बंदूकवाल्या आक्का' म्हणत, कारण त्यांच्या घरी विलायती रायफल होती आणि लायसन त्यांच्या नावावर होतं. त्यांच्या सासऱ्यांना काळविटांच्या शिकारीचा नाद. निजामाच्या काळात हैदराबादच्या एका दुकानातून त्यांनी ती मागवली. कातडी पेटी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नळीवर बारीक नक्षी. बंदूक घरी आली आणि सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. आक्कांच्या मालकांना मोठ्या आवाजाची धास्ती, पोळ्याला फटाके उडाले तरी ते आतल्या खोलीत जाऊन बसत. पुढे शिकारीलाच बंदी आली. मालक गेल्यावर आक्कांनी, मूलबाळ नाही, शेतातल्या घरात एकटीनं राहायचं, म्हणून लायसन आपल्या नावावर करून घेतलं. असं होत होत त्या रायफलीतून एकही बार निघाला नव्हता.

पण तिची बडदास्त मोठी. दर दसऱ्याला ती पेटीतून निघायची, तिला हळदीकुंकू लागायचं, आपट्याचं पान आणि झेंडूची माळ चढायची. आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागे. मग आक्का तिला गोधडीच्या खोळीत गुंडाळून एसटीनं सेलूला निघायच्या. कंडक्टरनं एकदा विचारलं, गोधडीत एवढं लांब काय आहे. आक्का म्हणाल्या, बंदूक. सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि म्हणाला, "मग तिचं आर्धं तिकीट काढा." आक्का म्हणाल्या, "काढते की. हिला बसायला शीट दे आधी." त्या खरं बोलताहेत हे कुणालाच कळलं नाही.

ठाण्याच्या कोठडीत त्यांनी जुन्या जमा झालेल्या बंदुका पाहिल्या होत्या. मालक वारलेले, वारस न आलेले. दोरीला चिठ्ठ्या बांधलेल्या, नळ्या गंजलेल्या, दस्ते वाळवीनं खाल्लेले. आक्कांना आयुष्यात दुसऱ्या कशाची भीती मी पाहिली नाही, पण त्या कोठडीची होती. वय झालं, लायसनची मुदत संपत आली, पुढचं नूतनीकरण होणार नव्हतं, पुण्यातला पुतण्या म्हणाला, काकू, मला ती कटकट नको. तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"भांडेवाल्या, हिला चांगलं घर बघ," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर त्या कोठडीत जाऊ देऊ नगंस."

मी पेटी उघडली. कोरी रायफल, मूळ पेटीसकट. असा माल धंद्यात एकदाच हाती लागतो. हैदराबादला स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ माझ्याकडून घड्याळं घेत. त्यांना जुन्या बंदुकांचा शौक होता, लायसन होतं, ऐपत होती, आणि त्यांच्यासारख्या दहा शौकिनांत त्यांचा शब्द चालत होता. हा एक सौदा नीट पार पडला असता तर मी घड्याळं-ग्रामोफोनांतून उठून थेट त्या लोकांच्या बैठकीत जाऊन बसलो असतो. माझं सगळं लक्ष तिथं होतं, हे आधीच सांगतो.

साहेब आले. पांढरे हातमोजे घातले, नळीत बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिले. दस्त्यावर कुंकवाचा डाग होता. त्यावरून त्यांनी किंमत तोडायला बघितलं. मी म्हटलं, साहेब, हा वापराचा डाग नाही, हा पूजेचा आहे, उलट चार पैसे जास्त द्या. मग त्यांनी आक्कांना समजावलं. रायफल वापरलेली असेल तर एक बार काय आणि पन्नास बार काय, फारसा फरक पडत नाही. पण जिच्यातून कधीच बार निघाला नाही अशीची किंमत वेगळी, कारण तो कोरेपणा एकदा गेला की कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही. म्हणून तिला आता तेल नको, कुंकू नको, हातही नको.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी ही वाजती का न्हाई, ते कुणालाच ठाव न्हाई. म्हणून तुमी जादा पैसे देयलाव?"

साहेब हसले. तसंच समजा, म्हणाले.

"मग नेऊन करणार काय?"

"काचेच्या कपाटात ठेवणार, आक्का."

"आन् वाजवणार?"

"कधीच नाही."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. काडी न ओढता पेटी घेणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मी नजर चुकवली आणि सौदा पक्का केला. किंमत इतकी चांगली ठरली की साहेब गेल्यावर मी आक्कांच्या पाया पडलो.

कागदपत्रांना काही महिने लागले. परवानगीचा अर्ज, ठाण्याचा अहवाल, सही, पुन्हा सही. त्यासाठी मी आक्कांना माझ्या गाडीतून परभणीला नेत असे. एकदा त्या म्हणाल्या, बंदुकीच्या दुकानात जरा काम आहे. मला वाटलं, कागदाचंच काहीतरी असेल. मी बाहेर गाडी लावण्यावरून एका रिक्षावाल्याशी भांडत होतो. आत आक्कांनी लायसन दाखवून काडतुसं घेतली. म्हणजे माझ्याच गाडीतून, माझ्याच पेट्रोलवर ती काडतुसं वालूरला आली. हे मला अजून झोंबतं.

रायफल हवाली करायच्या दिवशी साहेब दुपारी यायचे होते. मी सकाळीच पोचलो. गावच्या पारावर माणसं मला बघून हसायला लागली. एकजण म्हणाला, आक्कांनी आज गाव जागं केलं. मी गाडी तशीच शेताकडे पळवली.

अंगणात गावातले एक निवृत्त सुभेदार चहा पीत बसले होते. त्यांनी नळी तपासून दिली होती, दस्ता खांद्याला कसा टेकवायचा, श्वास कसा धरायचा ते दाखवलं होतं, आणि पहाटे आक्कांनी स्वतःच्या शेतात, मातीच्या उंच बांधावर बार काढला होता. सुभेदार मला म्हणाले, बाई मागं सरकली, पण पडली नाही. आक्का ओसरीवर बसून उजव्या खांद्याला तेल चोळत होत्या. चेहरा असा की घरात बारसं आहे.

मी काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. सुभेदार चहा अर्धा टाकून उठून गेले. अख्ख्या सौद्याची माती केली, म्हणालो. जन्मभर सांभाळलं आणि दारात गिऱ्हाईक आल्यावर पायावर धोंडा मारून घेतला, म्हणालो. आक्का तेल चोळत राहिल्या. मी दमलो तेव्हा बोलल्या.

"दर दसऱ्याला हिची पूजा केली. हिला उशाशी घेऊन येकली निजले. बाहीर कुत्रं भुकलं की हात हिच्यावर. आन् मला ठावच न्हाई, ही बंदूक हाय का लोखंडाचा दांडा हाय." मग तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "नुसती पुसून देऊ का दुसऱ्याला, न बघता?"

"मग वाजली का?"

"वाजली," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. कारण त्याआधी त्या तशा कधी हसल्या नव्हत्या.

तरीही मी धंद्याचा माणूस. मी नळी साफ करून घेतली आणि आक्कांना म्हटलं, साहेबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण त्यांनी विचारलंच नाही तर आपण कशाला बोलायचं. यात आजही मला काही वावगं वाटत नाही. विचारणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे. आक्का हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. साहेबांची गाडी दारात थांबली. ते उतरायच्या आत आक्का पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "या. वाजवून बघितली सकाळी. खणखणीत हाय. बिनघोर न्या."

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. आक्कांना वाटत होतं, त्यांनी साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. म्हैस विकताना धार काढून दाखवावी, बैल विकताना नांगराला जुंपून दाखवावा, तसं त्यांनी केलं होतं. गावात कुणालाही विचारलं असतं तर तो हेच म्हणाला असता. आणि साहेब अंगणात उभे राहून कपाळावरचा घाम पुसत होते.

मग मी भांडलो. आयुष्यातली सगळी विद्या पणाला लावली. म्हटलं, साहेब, कोरी कोरी काय करता. कारखान्यातच जास्त दारूचा बार काढून नळी पक्की आहे की नाही बघतात आणि मगच शिक्का मारतात. तो शिक्का तुम्हीच मला दाखवलाय. म्हणजे जगात कोरी रायफल नावाची गोष्टच नाही. हा दुसरा बार धरा आणि ठरलेली किंमत द्या.

साहेब म्हणाले, "कारखान्याचा बार म्हणजे तिचा जन्म. तो कुणी मोजत नाही. त्यानंतरचा पहिला बार मोजतात. माझ्याकडे येणारे लोक आधी तेच विचारणार, आणि मला खरं सांगावं लागणार." मला मुद्दा खोडता आला नाही, म्हणून मी आवाज वाढवला. त्याचा उपयोग झाला नाही. ठरल्या किमतीतला मोठा लचका गेला. माझी दलाली तर जवळजवळ उरलीच नाही. त्याहून वाईट म्हणजे साहेबांनी पुन्हा माझ्याकडून बंदूक काय, घड्याळही घेतलं नाही. अंगणात मी त्यांच्यावर जे ओरडलो, ते त्यांना लागलं होतं. ती बैठक माझ्यासाठी बंद झाली ती झालीच.

आक्कांनी मिळाली ती किंमत घेतली. पेटी गाडीत ठेवताना साहेबांना एवढंच विचारलं, हिला कोठडीत तर नाही ना ठेवणार. साहेब म्हणाले, काचेच्या कपाटात, दिव्याखाली. आक्कांनी पेटीवरून हात फिरवला आणि घरात गेल्या.

मी बरेच दिवस वालूरला फिरकलो नाही. पण जिथं जाईन तिथं आक्कांच्या बाराची गोष्ट माझ्या आधी पोचलेली असायची. झरी गावात एका घरी जुनं कपाट बघायला गेलो तर तिथली म्हातारी मला सांगायला लागली, की वालूरची एक बाई आहे, तिनं या वयात बंदूक उडवली आणि तिचा खांदा जांभळा झाला. आक्कांनी तो खांदा महिनाभर येईल त्या बाईला पदर सरकवून दाखवला होता. जांभळा होता तोवर दाखवला, पिवळा पडला तेव्हा दाखवला, आणि डाग गेल्यावर तो कुठं होता ते दाखवलं.

शेवटी गेलोच. राग होता, पण तो सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मग दर खेपेला हेच सुरू झालं. चहा व्हायचा, आणि मी किती नुकसान झालं ते आक्कांना ऐकवायचो. अशा रायफलींचे भाव दर वर्षी चढत होते, म्हणून नुकसानही दर वर्षी वाढत होतं. आक्का मन लावून ऐकायच्या, मधूनच विचारायच्या, "आता किती झालं?" मी नवा आकडा सांगायचो. त्या मान डोलवायच्या. चेहऱ्यावर अशी ऐट यायची, की जणू मी त्यांच्या जमिनीचा वाढलेला भाव सांगतोय.

शेवटच्या आजारपणात भेटलो तेव्हा त्यांना ऐकू कमी येत होतं. मी खाटेजवळ बसलो आणि विषय काढला नाही. आजारी माणसापुढं काय काढायचा. त्यांनीच हातानं खूण केली. आता किती झालं?

मी वाकून कानात मोठ्यानं आकडा सांगितला. खरं तर थोडा वाढवूनच सांगितला.

"येवढ्याचा बार," आक्का म्हणाल्या. "सासऱ्याला जमला न्हाई. मालकाला जमला न्हाई." आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

आक्का गेल्या त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. माझं दुकान बरं चाललंय. परवाच एका जाणकाराकडून कळलं की तशी एक कोरी रायफल कुठंतरी विकली गेली. किंमत ऐकून माझं डोकं फिरलं. मी गाडी काढली आणि रागाच्या भरात वालूरच्या रस्त्याला लागलो. बरंच पुढं गेल्यावर लक्षात आलं, आकडा माझ्याजवळ आहे, पण तो ऐकून खूश होणारं तिथं आता कुणी नाही.